कृषी सल्ला : डिस्प्ले गेला, सेन्सर चालू आहेत, आकडे कसे मिळवावेत?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातील एका कुळागरवाल्यांचा (पोफळीच्या मिश्र बागेच्या मालकांचा) प्रश्न: घरच्या हवामान केंद्राचा डिस्प्ले पावसाळी ओलाव्याने बंद पडला आणि सुटा मिळत नाही. बाहेरचा पर्जन्यमापक, वारामापक आणि तापमान-आर्द्रतेचा सेन्सर मात्र चालू आहेत. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर स्वतः रिसिव्हर जोडता येतो म्हणतात, ते खरे का? पेडण्यातील काजू बागायतदारांनी असा रिसिव्हर जोडलाही आहे. त्यांची अडचण वेगळी: एका दिवसाचा पाऊस हजारो मिलिमीटर दिसतो.

रिसिव्हर जोडता येतो. बाहेरचा सेन्सर ठरावीक वेळाने आपला आकडा रेडिओवर सोडत असतो, काही केंद्रांत दर १६ सेकंदांनी तर काहींत ४८ सेकंदांनी. ऐकणारा कोण, हे त्याला ठाऊक नसते. म्हणून मूळ डिस्प्ले नसला तरी चालते. आधी सेन्सरच्या मागचे लेबल पाहा. ४३३ मेगाहर्ट्झ लिहिले असेल तर काम सर्वांत सोपे. ८६८ किंवा ९१५ असेल तरी जमते, फक्त अँटेना आणि सेटिंग बदलते. डेव्हिस कंपनीची केंद्रे मात्र सतत फ्रिक्वेन्सी बदलत राहतात. ती या पद्धतीने नीट पकडता येत नाहीत, त्यांच्यामागे वेळ घालवू नका.

साहित्य थोडे आहे: रास्पबेरी पाय ३ किंवा ४, आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीला लावायचा रेडिओ रिसिव्हर), १ ते २ मीटरची यूएसबी एक्स्टेंशन वायर, चांगला अडॅप्टर आणि डीएस३२३१ हे घड्याळाचे मॉड्यूल. दुकानात ४३३चे छोटे हिरवे रिसिव्हर मॉड्यूल फार स्वस्त मिळते, पण ते आसपासचा गोंगाटही तितक्याच उत्साहाने पकडते. शेतीचे आकडे हवे असतील तर डोंगलच घ्या. अँटेना म्हणून १७.३ सेंटीमीटरची सरळ तार उभी लावा. ८६८साठी ती साधारण ८.६ सेंटीमीटर होते.

पायवर 'आरटीएल-४३३' हे सेन्सरचे संदेश उलगडणारे मोफत सॉफ्टवेअर पॅकेज यादीतूनच बसते. डोंगल उघडताना उणे ६ क्रमांकाची एरर आली, तर लिनक्सने (पायच्या ऑपरेटिंग सिस्टिमने) तो टीव्ही ट्यूनर समजून आधीच ताब्यात घेतलेला असतो. डीव्हीबीचा (डिजिटल टीव्हीचा) ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट करून, म्हणजे तो आपोआप सुरू होणार नाही असे करून, पाय पुन्हा सुरू करा. कमांडमध्ये लहान लिपीतला 'एफ' फ्रिक्वेन्सीसाठी आणि मोठ्या लिपीतला 'एफ' आउटपुटच्या प्रकारासाठी असतो. या दोहोंत गल्लत झाली की काहीच दिसत नाही आणि दोष डोंगलवर जातो. आउटपुट जेसन (नाव आणि आकडा अशा जोड्यांत लिहिलेला मजकूर) ठेवा, आणि मोठ्या लिपीतला 'सी' वापरून एकके मेट्रिक करून घ्या.

पहिली चाचणी सेन्सर ३ मीटरवर ठेवून करा. अगदी चिकटून ठेवला तर सिग्नल इतका जोरकस येतो की तो उलट बिघडतो. स्क्रीनवर शेजाऱ्यांचे सेन्सर आणि रस्त्यावरच्या गाड्यांच्या टायरांतले सेन्सरही दिसू शकतात. आपला कोणता हे ओळखायला पर्जन्यमापकाचे झुलते भांडे (ठरावीक पाणी साठले की कलंडणारे) हाताने एकदा कलंडवा. ज्या ओळीत पावसाचा आकडा वाढला, ती तुमची. तिचा क्रमांक लिहून ठेवा, पण त्यावर कायमचे विसंबू नका: बऱ्याच सेन्सरांत बॅटरी बदलली की हा क्रमांक बदलतो आणि नोंद गुपचूप थांबते.

आता पेडण्याच्या अडचणीकडे. सेन्सर 'आज किती पाऊस पडला' हे पाठवत नाही. बॅटरी घातल्यापासूनची एकूण बेरीज पाठवतो. दर संदेशातला आकडा बेरजेत धरला की एका दिवसाचे हजारो मिलिमीटर होणारच. दिवसाचा पाऊस काढायचा तर आजच्या ८.३० वाजताच्या आकड्यातून कालच्या ८.३०चा वजा करा. भारतीय हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी ८.३०लाच संपतो, म्हणून पणजी वेधशाळेच्या आकड्याशी तुलनाही सरळ होते. वजाबाकी उणे आली तर बहुधा बॅटरी बदललेली आहे. तो फरक टाकून द्या आणि तिथून नवी मोजणी धरा. शिवाय एकच संदेश दोन-तीनदा पाठोपाठ येतो. कलंडण्याची नोंद संदेश मोजून कधीही करू नये.

एवढे करूनही आकडा कमी येतो, अशी तक्रार जून-जुलैत हमखास येते. भांडे कलंडत असताना पडणारे पाणी मोजले जात नाही, त्यामुळे मुसळधार पावसात तूट वाढते. ती किती हे घरीच तपासा. नरसाळ्याचा आतला व्यास १२ सेंटीमीटर असेल तर क्षेत्रफळ ११३ चौरस सेंटीमीटर, म्हणजे १ मिलिमीटर पाऊस = ११.३ मिलिलिटर पाणी. ५६५ मिलिलिटर पाणी बारीक भोकाच्या बाटलीतून तासाभरात थेंब थेंब सोडा. ५० मिलिमीटर दिसायला हवेत. एका कलंडण्याला ०.३ मिलिमीटर धरणाऱ्या यंत्रात ती १६६-१६७ कलंडणी होतात. काही यंत्रांत हे माप ०.२ किंवा ०.२५४ असते, आपले तपासून घ्या. फरक नेहमी एकाच बाजूला येत असेल तर त्याच प्रमाणात दुरुस्ती लावा. कधी जास्त, कधी कमी येत असेल तर यंत्र समतल नाही किंवा आत मुंग्या, कोळिष्टके आणि पोयीचा कचरा साचला आहे. जूनच्या आधी नरसाळे धुवा, तोंडाला जाळी लावा.

पर्जन्यमापक कुळागरात ठेवू नये. झाडाच्या किंवा घराच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर मोकळी जागा हवी. तापमान-आर्द्रतेचा सेन्सर मात्र पोफळींच्या सावलीतच, जमिनीपासून दीड मीटरवर, पांढऱ्या जाळीदार आवरणात ठेवा, कारण कोळेरोग (सुपारी सडून गळण्याचा रोग) त्या गारव्यातच वाढतो. पावसाळ्यात आर्द्रता दिवसभर खूप जास्त राहते, त्या काळात तिच्यापेक्षा पावसाच्या खंडाकडे लक्ष द्या. कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रणाची (१ टक्का: मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १०० लिटर) पहिली फवारणी पाऊस सुरू होण्याआधी आणि दुसरी ४० ते ४५ दिवसांनी करायची असते. दुसरीसाठी कोरडी उघडीप शोधताना तासातासाची नोंद खरी उपयोगी पडते. आर्द्रतेच्या सेन्सरवर शंका असेल तर साध्या मिठात थोडे पाणी घालून ओलसर लगदा करा आणि सेन्सरसह बंद डब्यात १२ तास ठेवा, पण मीठ सेन्सरला लागू देऊ नका. आकडा ७५ टक्क्यांच्या आसपास यावा.

सिग्नल तुटत असेल तर रिसिव्हर बागेकडच्या खिडकीत उंचावर घ्या. ओल्या चिऱ्याच्या जाड भिंती, पत्र्याचे छप्पर आणि भिजलेली पाने सिग्नल खातात. अँटेनाची वायर वाढवू नका, बारीक वायरीत सिग्नल गळतो. यूएसबी वायर वाढवा, म्हणजे डोंगल पायच्या गोंगाटापासूनही लांब राहतो. सेन्सरमध्ये रिचार्जेबल सेल घातल्यानेही पल्ला घटतो, कारण ते १.२ व्होल्टचेच असतात.

वीज जाऊन आली आणि इंटरनेट नसले की पायचे घड्याळ मागे राहते, मग पाऊस भलत्याच तारखेला चढतो. डीएस३२३१ त्यासाठीच आहे. अचानक वीज गेल्याने मेमरी कार्डही खराब होते, तेव्हा छोटा यूपीएस लावा आणि दर आठवड्याला नोंदींची प्रत पेनड्राइव्हवर काढा. अँटेना छपराबाहेर असेल तर मे महिन्यात गडगडाट सुरू होण्याआधीच डोंगलपासून तिची वायर काढून ठेवा.