सांगलीत घरच्या रीफ टँकचं (खाऱ्या पाण्यातल्या कोरल-माशांच्या टाकीचं) पाणी दुधाळ झालंय, निम्मं पाणी बदललं तरी सुधारत नाही. काय करावं?

तुम्ही दिलेली माहिती अशी: विश्रामबागला घरी २५० लिटरचा टँक, नायट्रेट (माशांच्या घाणीतून साठणारं) उतरवायला व्होडका डोसिंग, म्हणजे टँकमध्ये रोज थोडी व्होडका घालणं, सुरू केलंय, चार दिवसांपासून पाणी दुधाळ. निम्मं पाणी बदललं, फिल्टरचा मीडिया (जिवाणू ज्यावर वाढतात तो भराव) नळाखाली धुतला, तरी दुसऱ्या दिवशी तेच.

आधी माशांकडे बघा. कल्ले भराभर हलत असतील किंवा मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील, तर बाकी सगळं नंतर. वेव्हमेकरचं (टँकमध्ये प्रवाह करणाऱ्या पंपाचं) तोंड वर वळवून पृष्ठभाग चांगला खळबळू द्या आणि सम्पमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) एअर स्टोन सोडा. समुद्राच्या पाण्यात ३० अंशांना लिटरमागे जेमतेम ६ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, आणि सांगलीच्या उन्हाळ्यात चिलर नसेल तर टँक तिथवर सहज पोचतो. त्यात रात्री लाइट गेली आणि पंप बंद पडले, तर सकाळपर्यंत मासे गेलेले असू शकतात. बॅटरीवरचा एअर पंप घरात हवाच.

आता दुधाळपणा कसला ते ओळखा. काचेचा उभा पेला टँकच्या पाण्याने भरा, मागे काळा कागद धरा आणि बाजूने मोबाइलचा टॉर्च मारा. ठिपके वर सरकून दोनेक मिनिटांत पाणी नितळ झालं, तर ते हवेचे बारीक बुडबुडे. रिटर्न पंपाच्या (सम्पमधून पाणी टँकमध्ये परत चढवणाऱ्या) कप्प्यात पातळी उतरली की पंप हवा ओढतो, तिथून सुरुवात करा. काही तासांत तळाशी पांढरा साका बसला, तर वाळूची धूळ किंवा कॅल्शियम कार्बोनेट. व्हिनेगरमध्ये अरागोनाइट वाळूची धूळ आणि डोसमुळे बसलेलं कॅल्शियम कार्बोनेट दोन्ही विरघळतात, त्यामुळे त्या चाचणीवरून फरक कळत नाही. नवी वाळू घातली होती की कॅल्शियमचा किंवा केएचचा (पाण्यातल्या कार्बोनेट क्षारतेचा) डोस दिला होता, त्यावरून ठरवा. रात्रभर ठेवूनही पेला तसाच धुरकट आणि तळाशी काही नाही, तर जिवाणू. हिरवट झाक असेल तर तरंगतं शेवाळ.

तुमचं प्रकरण मला जिवाणूंचंच वाटतं. व्होडका हे त्यांचं खाद्य. डोस घाईने वाढवला की ते पाण्यातच मोकळे वाढतात. पाणी बदलून उपयोग होत नाही, कारण उरलेले जिवाणू काही तासांत दुपटीने वाढतात. नळाच्या क्लोरीनमुळे मीडियावरचे उपयोगी जिवाणूही मेले असणार, म्हणून आजच अमोनिया तपासा. ०.५ पीपीएम (दशलक्षात भाग) किंवा जास्त असेल तरच २० ते २५ टक्के पाणी बदला, नाहीतर हात लावू नका. यापुढे मीडिया धुवायचा तो काढलेल्या खाऱ्या पाण्यातच.

व्होडका पूर्ण बंद, अमिनो आणि कोरल फूडही बंद. माशांना दोन दिवस काही देऊ नका, मग दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र) ओला चालवा, म्हणजे कपात पातळ फेस येऊ द्या, आणि कप सकाळ-संध्याकाळ रिकामा करा. फिल्टर सॉक (पाणी गाळणारी कापडी पिशवी) रोज बदला. खडकांमागे काही मेलंय का ते शोधा. उलटी पडलेली टर्बो गोगलगाय उचलून नाकाशी न्या, मेलेली असेल तर वासाने क्षणात कळतं. युव्ही (अतिनील दिव्याचा स्टरिलायझर) असेल तर मंद प्रवाहावर चोवीस तास चालवा. जिवाणू आणि शेवाळ दोन्हीवर तो चालतो, धुळीवर नाही. बहुतेक वेळा आठवड्याच्या आत पाणी निवळतं. नंतर व्होडका पुन्हा सुरू करायची असेल तर आधीच्या निम्म्या डोसने करा.

एक कळकळीची विनंती. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी गढूळ झालं की घरात तुरटी फिरवतात, तो उपाय टँकवर कुणी सुचवला तर अजिबात ऐकू नका. तुरटीने केएच खाली येतो आणि अॅल्युमिनियममुळे लेदर कोरल आखडतात. गोड्या पाण्याच्या टँकसाठी मिळणारी क्लॅरिफायर औषधंही नकोत.

साका कॅल्शियम कार्बोनेटचा निघाला, तर सगळे डोस एक-दोन दिवस थांबवा. केएच घसरलेला दिसेल, पण लगेच भरून काढू नका. पाण्यात कण तरंगत असताना घातलेला केएच त्यांच्यावरच बसत जातो. निवळल्यावर आधी मॅग्नेशियम १३०० पीपीएमच्या आसपास आणा, मग केएच दिवसाला जास्तीत जास्त १ अंश वाढवा. केएच आणि कॅल्शियम एकाच वेळी, एकाच जागी ओतू नका. काल्कवासर (चुन्याचं पाणी) देत असाल तर वरची निवळीच थेंब थेंब सोडा, तळाचा चुना जाऊ देऊ नका.

नवं पाणी किचनच्या आरओचं वापरत असाल तर त्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजा. त्यात बहुतेक वेळा टीडीएस कंट्रोलर (थोडं न गाळलेलं पाणी मिसळणारा) असतो, म्हणून ५०-१०० आकडा येतो. आपल्याला डीआय रेझिनमधून (उरलेले क्षार शोषणाऱ्या गाळणीतून) आलेलं शून्य टीडीएसचं पाणी हवं. पावसाळ्यात सेडिमेंट फिल्टर लवकर तुंबतो, तो वेळेआधी बदला. मीठ लिटरला साधारण ३६ ग्रॅम, नक्की आकडा रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायच्या यंत्रावर) ३५ पीपीटी (हजारात भाग) बघून ठरवा. पंप चालू असलेल्या पाण्यात मीठ थोडं थोडं सोडा. मिठावर पाणी ओतलं तर बादलीतच कार्बोनेट बाहेर पडतं आणि तेच दुधाळ पाणी टँकमध्ये जातं.