म्हापशात पहिल्यांदा जाणाऱ्या सोबत्यासाठी

उद्या तू सुटून येणाऱ्या माणसाला भेटायला पहिल्यांदा गोव्यातल्या म्हापशाच्या स्थानबद्धता केंद्राबाहेर (मायदेशी पाठवायच्या परदेशी नागरिकांना जिथं ठेवतात तिथं) उभा राहणार, म्हणून दोन शब्द. जुन्या सबजेलमध्ये 2019 साली हे केंद्र सुरू झालं.

माणूस बाहेर येतो तेव्हा हातात एक प्लास्टिकची पिशवी असते आणि मोबाईल मेलेला असतो. चार्ज केलेली पॉवर बँक आणि दोन-तीन तऱ्हेच्या केबल आठवणीने ने. मागे एक नायजेरियन मुलगा जेवणाला हातही लावेना. फोन सुरू झाला, पलीकडून आईचा आवाज आला आणि तो तिथंच पायरीवर बसून हमसून रडला. मग दोन ताटं भात जेवला. तेव्हा आधी फोन, मग जेवण. आणि "तुला का पकडलं?" हे कधीच विचारायचं नाही रे. सांगावंसं वाटलं तर तो सांगेल.

कागद मात्र लगेच बघ. सुटकेच्या आदेशाच्या तीन झेरॉक्स काढ, त्यातल्या अटी त्याला समजतील अशा भाषेत सांग. हजेरीची तारीख असेल तर त्याच्यासमोर लिहून दे. वकील नसेल तर मोफत वकील मिळवून देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी कर. घरी ठेवून घेणार असशील तर 24 तासांत परदेशी पाहुण्याच्या मुक्कामाची सरकारला माहिती देणारा फॉर्म (पूर्वीचा फॉर्म सी) भरावाच लागतो. मायेपोटी घरी नेलं आणि फॉर्म राहिला, तर ती चूक त्यालाच महागात पडते.

फोटो काढू नकोस. "सगळं ठीक होईल" असंही म्हणू नकोस. पुन्हा कधी येणार ते सांग, आणि त्या दिवशी जा.