मोबाईल ॲप किंवा एआयशी बोलून डिप्रेशन बरं होतं का?

तुम्ही यावल तालुक्यातून विचारलंय. धाकट्या भावाची केळी वादळात आडवी झाली, तेव्हापासून तो घरात बोलत नाही, रात्र रात्र जागतो. डॉक्टरकडे चल म्हटलं की "मी काय वेडा झालोय का?" म्हणतो, पण मोबाईलवर एआयशी तासन् तास बोलतो. यावर विसंबून राहावं का आणि संशोधन काय सांगतं, हा तुमचा प्रश्न.

मी जळगाव जिल्ह्यात समुपदेशनाचं काम करते. माझं मत आधीच सांगते भाऊ: मोबाईलचा उपयोग नक्की होतो, पण त्याच्या दुसऱ्या टोकाला एखादं जबाबदार माणूस असेल तरच त्यावर भिस्त ठेवा.

इंटरनेटवरून दिल्या जाणाऱ्या सीबीटी उपचारावर (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी ही पद्धत) २०२१ मध्ये 'जामा सायकियाट्री' या वैद्यकीय नियतकालिकात मोठा अभ्यास आला. ३९ चाचण्या, ९,७५१ माणसं. नैराश्य सौम्य असेल तर माणसाने एकट्याने केलं काय किंवा कोणाच्या मार्गदर्शनाखाली केलं काय, फार फरक पडला नाही. मध्यम किंवा तीव्र असेल तेव्हा मात्र मार्गदर्शन मिळालेल्यांना जास्त गुण आला. दुसरी अडचण ॲप टिकण्याची. २०१९ मध्ये ९३ मानसिक आरोग्य ॲप्स तपासली, तर १५ दिवसांनंतर वापरणारे साधारण ३.९ टक्केच उरले होते. मला याचं नवल वाटत नाही. ज्याला सकाळी उठून तोंड धुवायचं जिवावर येतं, तो रोज आठवणीने ॲप कुठून उघडणार?

एआयबद्दल चांगली बातमीही आहे. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमाउथ विद्यापीठाच्या संशोधकांनी 'थेराबॉट' या एआय बॉटची (माणसासारखं संभाषण करणाऱ्या प्रोग्रामची) चाचणी प्रसिद्ध केली. २१० जणांच्या या चाचणीत चार आठवडे बॉट वापरणाऱ्यांची नैराश्याची लक्षणं सरासरी ५१ टक्क्यांनी कमी झाली. पण तो बॉट मुद्दाम उपचारासाठी घडवलेला होता, संशोधकांची त्याच्या संभाषणांवर नजर होती, आणि तुलना झाली ती अजून काहीच न मिळालेल्या लोकांशी. तुमचा भाऊ ज्याच्याशी बोलतो तो सर्वसाधारण चॅटबॉट असणार. अशा बॉट्सवरही २०२५ मध्येच अमेरिकेतल्याच स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी काम केलं. माणूस जिवाचं बरंवाईट करायच्या विचारात आहे हे बोलण्यातून सूचित होत असूनही काही बॉट्सनी ते ओळखलं नाही आणि विचारलेली माहिती सरळ देऊन टाकली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या इलिनॉय राज्याने एआयने थेरपी देण्यावर कायद्यानेच बंदी घातली.

तरी भावाचा मोबाईल हिसकावून घेऊ नका. रात्री दोन वाजता कोणाशी तरी मन मोकळं करावंसं वाटतंय, ही त्यातली जमेची बाजू आहे. "त्याला काय सांगतोस, मलाही थोडं सांग ना" एवढंच म्हणून पाहा.

आता आपल्याकडचं सांगते, कारण मला खरी आशा इथे दिसते. गोव्यात 'संगथ' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या साध्या माणसांना प्रशिक्षण दिलं आणि त्यांनी रुग्णांबरोबर सहा ते आठ बैठका घेतल्या. २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: तीन महिन्यांनी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. या बैठका न मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होतं. पुढे हेच प्रशिक्षण मध्य प्रदेशात सीहोर जिल्ह्यातल्या आशाताईंना मोबाईलवरून देऊन पाहिलं. तंत्रज्ञानाचा असा वापर मला मनापासून पटतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात मानसोपचारतज्ज्ञ राहायला येणार नाही, पण आशाताई तिथे आहेच.

त्या बैठकांत करतात काय, तर अगदी साधं काम. एक वही घ्यायची. आज केलेली एक गोष्ट लिहायची आणि ती करताना मनाला कसं वाटलं त्याला शून्य ते दहा गुण द्यायचे. माझ्याकडच्या एका शेतकऱ्याच्या वहीत पहिला आठवडा सगळा 'पडून होतो' असाच होता, गुण एक नाहीतर दोन. मग ठरवलं की सकाळी गोठ्यापर्यंत जायचं, बस. त्या दिवसापुढे त्याने चार लिहिले. मग पारावर चहा. वाटलं म्हणून उठायचं नाही, उठल्यावर हळूहळू वाटायला लागतं, यावर हा उपचार उभा आहे. तुम्ही भावासोबत आजपासून हे सुरू करू शकता.

ॲपच वापरायचं तर फोन कोणाच्या हातात असतो तेही बघा. एका बाईंनी मुलाच्या फोनमध्ये ॲप घेतलं होतं. मुलगा गेम खेळत असताना वर संदेश आला, "आज मन कसं आहे?" त्याने तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. बाईंनी ॲप काढून टाकलं आणि पुढे कितीतरी दिवस कोणाशीच त्या विषयावर बोलल्या नाहीत.

आज करायची गोष्ट म्हणजे १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक लावा. मानसिक त्रासासाठी फोनवर मदत देणारी ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही. भाऊ तयार नसेल तर आधी तुम्हीच बोला, घरच्यांनी फोन केला तरी चालतो. आणि त्याला स्पष्ट विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस बोलता होतो. उत्तर काहीही येवो, फवारणीची औषधं घरातून आणि मळ्यातल्या खोलीतून आजच हलवा, कुलपात ठेवा, चावी दुसऱ्याकडे द्या. तो हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे मानसोपचार विभागाचा केस पेपर काढायचा. "वेड्यांचा डॉक्टर" नको असेल तर "झोपेसाठी जाऊ" म्हणा, ते खोटं नाही. जाताना आधीच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या न्या. थायरॉइड तपासलं नसेल तर डॉक्टरांना विचारा, कारण त्याच्या कमतरतेनेही माणूस असाच मलूल होतो. गोळ्या दिल्या तर गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, तोवर स्वतःच्या मनाने बंद करू देऊ नका. पुढच्या काही भेटी फोनवर किंवा व्हिडिओवर होतील का, हेही पहिल्याच वेळी विचारून घ्या. केळीच्या कामात दर वेळी जळगावची एसटी पकडणं त्याला जमायचं नाही.