आधी बँकेत जा, केनियाचे मग पाहू

मिरजेच्या एका परिचारिकेचे पत्र आहे. वय 42, हातात येणारा पगार 38 हजार. यजमानांचे वेल्डिंगचे छोटे वर्कशॉप, त्यांची कमाई कधी बरी, कधी बेताची. मुलगी अकरावीला. त्यांच्या चर्चची 11 जणांची टीम फेब्रुवारीत 12 दिवस केनियाला जाणार आहे. एका खेड्यात वैद्यकीय शिबिर, शाळेतल्या मुलांबरोबर काम, रविवारी उपासना. खर्च माणशी 1 लाख 60 हजार. त्या विचारतात, "माझ्या वाट्यासाठी दोन लाखांची एफडी मोडू, की पाटल्या ठेवून सोनेतारण कर्ज घेऊ?"

जाण्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये ज्या मिरजेत मिशनचे इस्पितळ काढले, तिथल्या परिचारिका आता दुसऱ्या देशात शिबिराला निघाल्या आहेत, हे वाचून बरेच वाटले. आणि तुमच्या प्रश्नाचा हिशेब दोन मिनिटांचा आहे. सोनेतारणाला वर्षाचे पंधराएक हजार व्याज जाईल, एफडी मोडली तर अकराएक हजारांचे व्याज बुडेल. फरक चार हजारांचा.

पण तुमच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर, जाता जाता, तुम्ही हे लिहिले आहे: "टीमची खजिनदार मीच आहे. नऊ लाख जमलेत, बहुतेक रोख, ते माझ्याच बचत खात्यात आहेत. बँकेतले सर म्हणाले नुसते पडून काय उपयोग, म्हणून तीन लाख त्यांच्या योजनेत घातले. फेब्रुवारीपर्यंत वीसेक हजार वाढतील, तेवढाच एखाद्या मुलाच्या तिकिटाला हातभार. पॉलिसीचे कागद 3 तारखेला कुरिअरने आले."

ताई, एफडीला पॉलिसीचे कागद येत नाहीत. तुम्ही पाठवलेले फोटो मोठे करून पाहिले. ही युलिप आहे, म्हणजे शेअर बाजाराशी जोडलेला विमा. वर्षाचा हप्ता 3 लाख, भरायचा पाच वर्षे. तुमचा वर्षाचा सगळा पगार साडेचार लाख. पुढच्या वर्षी हप्त्याची तारीख येईल तेव्हा टीम केनियाहून परत येऊन सहा महिने झालेले असतील, आणि 3 लाख मात्र तुमच्याकडे मागितले जातील.

युलिपमधले पैसे पाच वर्षे काढता येत नाहीत. हा नियम आहे, मॅनेजरच्या ओळखीने तो वाकत नाही. हप्ता बंद केला तर पहिल्या वर्षी कपात होते ती सहा हजारांच्या आतच, पण उरलेली रक्कम वेगळ्या फंडात जाऊन पाच वर्षे पुरी होईपर्यंत तिथेच पडते. तिकिटे तर नोव्हेंबरात काढायची आहेत. वीस हजारांची वाढ म्हणजे वर्षाला 12 टक्क्यांचा हिशेब. विमा कंपनीला माहितीपत्रकात 4 आणि 8 टक्के हे दोनच दर धरून आकडे दाखवता येतात, आणि तेही खात्रीचे नसतात. बारा हा आकडा छापील कागदावर कुठेच नाही, तो फक्त सरांच्या तोंडी आहे. शिवाय वर्षाचा हप्ता अडीच लाखांच्या वर गेला की अशा पॉलिसीच्या नफ्यावर करही लागतो. तो मुद्दा सरांनी काढला नसणार.

आता सुटका. पॉलिसीचे कागद हातात आल्यापासून 30 दिवसांत ती रद्द करून पैसे परत मागता येतात, याला फ्री लूक म्हणतात. तुमची मुदत पुढच्या महिन्याच्या 2 तारखेला संपते. पत्र मिळाले त्याच दिवशी हे तुम्हाला ई-मेलने कळवले आहे. इथे पुन्हा लिहितो, कारण "एफडीसारखेच आहे" म्हणून विकलेल्या पॉलिसी माझ्याकडे फार येतात, आणि बहुतेक वेळा मुदत उलटल्यावर येतात.

अर्ज लेखी द्या आणि तो विमा कंपनीच्या नावाने हवा, बँकेच्या नव्हे. शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्या, आणि तोच अर्ज कंपनीच्या ई-मेलवरही पाठवा. "सर रजेवर आहेत, सोमवारी या" किंवा "दुसरी योजना देतो" असे म्हणतील. बसू नका, चहाही घेऊ नका. मुद्रांक शुल्क, तेवढ्या दिवसांच्या विम्याचा खर्च आणि युनिटच्या भावातला चढउतार वजा होऊन बाकीचे परत येतात. कंपनीने दाद दिली नाही तर पुण्यात विमा लोकपालांचे कार्यालय आहे, तिथे तक्रारीला वकील लागत नाही.

हे तीन लाख अडकले, तर टीमला ते तुम्हालाच भरून द्यावे लागतील. मग एफडी की पाटल्या असा प्रश्नच उरणार नाही, दोन्ही जातील.

राहिलेले सहा लाखही तुमच्या खात्यात नकोत. मला तुमच्या सचोटीची शंका नाही, आणि टीमलाही नसेल. पण उद्या तुमचे काही बरेवाईट झाले तर बँक ते पैसे नॉमिनीला देईल, बँकेला टीम ठाऊक नाही. दुसरे असे की एका आर्थिक वर्षात बचत खात्यात 10 लाख किंवा जास्त रोकड भरली गेली की बँक ते आयकर खात्याला कळवते. तुम्ही त्याच वाटेवर आहात. साडेचार लाख पगाराच्या बाईने दहा लाख रोख भरले, तर नोटीस येण्यात नवल नाही. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात 50 हजारांहून जास्त मिळाले तर ते उत्पन्न धरले जाते. हे पैसे माझे नाहीत, मी फक्त सांभाळते आहे, हे तुम्हाला कागदाने दाखवावे लागेल. तो कागद आज तुमच्याकडे नाही, एक वही आहे.

म्हणून यापुढे रोकड खात्यात भरू नका. प्रत्येकाने आपले तिकीट, ई-टीए (केनियात शिरण्याची ऑनलाइन परवानगी) आणि विमा आपापल्या खात्यातून घ्यावा. प्रवासी कंपनीकडून पॅकेज घेतले तर त्यावर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला जातो. तो ज्याच्या पॅनवर कापला त्यालाच रिटर्नमध्ये वळता करता येतो. सगळे तुमच्या नावाने भरले तर अकरा जणांचा टीसीएस तुमच्या पॅनवर दिसेल, आणि परतावा वाटत तुम्ही वर्षभर फिराल. राहण्याचा, गाडीचा, शिबिराचा सामायिक खर्च तेवढा एकत्र ठेवा. तिघांच्या नावाने संयुक्त खाते काढा, पैसे दोघांच्या सहीने निघतील असे. चर्चच्या ट्रस्टच्या खात्यातून करायचा विचार असेल तर आधी त्यांच्या सीएला विचारा, कारण ट्रस्टने भारताबाहेर केलेल्या खर्चाला करसवलत सहज मिळत नाही. आणि दुबईची मंडळी, म्हणजे तिथले चर्च, मदत पाठवणार आहे असे तुम्ही लिहिले आहे. परदेशी संस्थेची देणगी तुमच्या वैयक्तिक खात्यात अजिबात घेऊ नका, परकीय देणगी कायद्याचे ते काम आहे.

दोन सदस्यांचे पैसे अजून आले नाहीत, "प्रभू पुरवील" म्हणून त्यांचा आगाऊ भरणा तुम्ही सामायिक पैशातून करणार आहात. त्यांच्या विश्वासाबद्दल मी बोलणार नाही. बाकी नऊ जणांना विचारल्याशिवाय त्यांचे पैसे या दोघांसाठी वापरू नका, एवढेच म्हणतो.

खर्चाच्या यादीबद्दल थोडे. औषधे आणि भेटवस्तू माणशी 35 हजार, म्हणजे सगळ्यांचे मिळून जवळजवळ चार लाख. औषधे बॅगांत भरून नेण्यापेक्षा तिथल्या मंडळीला काय लागते ते विचारा आणि तिथेच विकत घ्या. औषधे आयात करायला तिथली परवानगी लागते, ती नसेल तर नैरोबीच्या विमानतळावर सगळा साठा अडकेल. हा खर्च निम्मा झाला तर तुमचा वाटा 1 लाख 43 हजारांवर येतो. उलट एक खर्च यादीत नाहीच: परदेशी परिचारिकेने तिथे रुग्ण तपासायचे तर केनियाच्या नर्सिंग कौन्सिलची तात्पुरती नोंदणी लागते. अर्ज तिथल्या मंडळीकडून आत्ताच सुरू करा. प्रवास विम्याच्या अर्जात "पर्यटन" लिहून शिबिरात काम करू नका, दावा नाकारायला ते आयते कारण होते. पीतज्वराची लस शासनमान्य केंद्रावरच आणि निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्या. प्रमाणपत्राशिवाय परतलात तर आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवतात, आणि तुमची रजा बाराच दिवसांची आहे.

तर तुमचे 1 लाख 43 हजार. आजपासून महिना 12 हजार बाजूला टाकले तर सहा महिन्यांत 72 हजार होतात. उरलेल्या सत्तरएक हजारांसाठी एफडी मोडू नका, तिच्यावर कर्ज घ्या. एफडीच्या दरापेक्षा साधारण एक टक्का जास्त पडतो, आणि परत आल्यावर महिना 12 हजारांनी फेडले तर सगळे मिळून दोनेक हजार व्याज. एफडी चालू राहते. यजमानांचे काम एखादा महिना थांबले, तर घरात पैसा लागेल तो तिच्यातलाच. पाटल्यांना हात लावायचे काहीच कारण नाही.

फ्री लूकचा अर्ज दिलात की त्याची पोच आणि पॉलिसीच्या मूळ प्रस्तावाची झेरॉक्स मला पाठवा. त्यात वार्षिक उत्पन्नाच्या रकान्यात 9 लाख लिहिले आहेत. ते अक्षर तुमचे नाही असे मला वाटते. नसेल, तर तक्रारीत पहिला मुद्दा तोच घालू.