पगार सातला, साठवण दहाला

चि. यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शिरोलीच्या कारखान्यातून हातात अठरा हजार पडतात, घरी दोन म्हशी आणि थोडा ऊस, एवढ्यात शिल्लक कसली पडायची, असं तू विचारलंयस. महिनाअखेरीला उरेल ते टाकू म्हणणाऱ्याचं काही उरत नाही, पगार अठरा हजार असो नाहीतर ऐंशी. तुझ्या घरात पैसा तीन तालांत येतो: पगार महिन्याला, दुधाचं बिल दहा दिवसांनी, उसाचं बिल वर्षातून एकदा. तिघांना एकच नियम लावलास तर फसशील.

आधी पगार. तो सातला होतो, मध्ये सुट्टी आली की आठ-नऊला. म्हणून दर महिन्याच्या दहा तारखेला १,८०० रुपये आपोआप दुसऱ्या बँकेतल्या खात्यात जातील, अशी सूचना बँकेत लिहून दे. तारीख पाच ठेवलीस तर खात्यात पैसे नसतील आणि हप्ता परत जाईल. त्या दुसऱ्या खात्याला फोनवरचं यूपीआय जोडायचं नाही, आणि कार्ड आईच्या डब्यात. १,८०० जड वाटले तर ५०० पासून सुरू कर. पाच हजारांनी सुरू करून तिसऱ्या महिन्यात मोडणारेच जास्त. ओव्हरटाइमचे आणि पगारवाढीचे निम्मे पैसे मात्र न मोजता तिकडेच.

बरं, मोडतं कशामुळे? लोक चहा-मिसळीला दोष देतात. खरा घाव वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चाचा असतो. गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग ४,५००, दिवाळी ८,०००, गावची म्हाई म्हणजे जत्रा ५,०००, लग्नसराईतले आहेर ४,५००, धाकटीची वह्या-पुस्तकं २,०००. झाले २४,०००, म्हणजे महिन्याला २,०००. हे आकडे अंदाजाचे आहेत, तुझे तू वहीत मांड. म्हाई दरवर्षी येते हे ठाऊक असूनही आपण दरवर्षी तिच्यासाठी हातउसने घेतो! हे २,००० साठवणीत धरू नकोस. तो खर्चच आहे, फक्त आधी बाजूला काढलेला.

आता १,८०० चं काय करायचं. घराचा अत्यावश्यक खर्च १२,००० धरला, तर तीन महिन्यांचे ३६,००० आधी साध्या बचत खात्यात जमू देत. वीस महिने लागतील. कंटाळशील, पण दवाखाना किंवा लेऑफ आला की हीच रक्कम बाकीचं सगळं वाचवते. याच काळात दोन सरकारी विमे घे: अपघाताचा वर्षाला २० रुपयांचा आणि आयुर्विम्याचा ४३६ रुपयांचा. दोन्हींत दोन-दोन लाखांचं संरक्षण आहे. हप्ता मेअखेरीला कापला जातो, तेव्हा खातं रिकामं ठेवू नकोस.

त्यानंतर पोस्टाची पाच वर्षांची आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायची ठेव. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिचा दर ६.७ टक्के झाला. सरकार दर तिमाहीला दर जाहीर करतं, त्यामुळे उघडताना फलक बघ. उघडताना असेल तोच दर पाच वर्षं चालतो. या दराने १,८०० चे १,०८,००० भरून सुमारे १,२८,००० हातात येतात. हप्ता चुकला की शंभराला महिना एक रुपया दंड, आणि लागोपाठ हप्ते चुकवत गेलास तर खातं बंद पडतं.

दुधाचा हिशोब वेगळा. बिलातून पेंड कापली जाते, उरलेलं घरात विरघळतं. त्यापेक्षा रोजच्या एका लिटरचे पैसे आपले नाहीतच, असं समज. दर बिलाला दहा लिटरची रक्कम म्हशींच्या नावाने वेगळी काढायची. म्हैस भाकड गेली की बिल थांबतं, वैरण थांबत नाही, आणि नेमका त्या काळात माणूस पगारातली साठवण फोडतो. दिवाळीचा दूध फरक, म्हणजे वर्षभराच्या दुधावर मिळणारी जादा रक्कम, तीही म्हशींच्या याच पैशांत टाक. भावकीत कोण काय म्हणेल ते म्हणू दे.

उसाच्या बिलातून सोसायटीच्या कर्जाची वळती म्हणजे कपात झाली, खोडव्याच्या (तोडीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसाच्या) खताचे पैसे बाजूला काढले, आणि समज ६०,००० उरले. त्यांची एकच मुदतठेव करू नकोस. पंधरा-पंधरा हजारांच्या चार कर, वेगवेगळ्या मुदतीच्या. गरज लागली तर एक मोडते, तिघींचं व्याज शाबूत राहतं.

भिशीबद्दल स्पष्ट लिहितो. बारा जण, दोन-दोन हजार, महिन्याला २४,००० एकाला. शेवटच्या नंबराला शिस्त लागते हे खरं, पण ज्याने दुसऱ्याच महिन्यात रक्कम उचलली तो पाचव्या महिन्यात गायब झाला तर दाद कुठे मागणार? लिलावाच्या भिशीत, म्हणजे सगळ्यात कमी रक्कम घ्यायला तयार असेल त्याला ती मिळते तिथे, लवकर उचलणारा तर व्याज भरणारा कर्जदारच. खेळायचीच असेल तर जेवणावळीपुरती खेळ. पतसंस्थेत बँकेपेक्षा एक-दोन टक्के जास्त मिळतात, पण बँकेतल्या ठेवीला व्याजासकट पाच लाखांपर्यंत जे विमासंरक्षण आहे (४ फेब्रुवारी २०२० पासून), ते पतसंस्थेला नाही. सहकारी बँकेला आहे. पाटीवरचं नाव वाचून मग पैसे ठेव.

सोनं घ्यायला गुजरीत, सराफ बाजारात, जायचं असेल तर वेढणं म्हणजे साधं वळं घे. दागिन्याची घडणावळ मोडताना परत मिळत नाही. सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक, बघून घे.

आणि नव्या गाडीचं कर्ज. ‘दहा टक्के फ्लॅट’ ऐकून भुलू नकोस. ८०,००० तीन वर्षांसाठी घेतले तर व्याज २४,००० आणि हप्ता २,८८९. मुद्दल दर महिन्याला कमी होत असतं, व्याज मात्र पूर्ण रकमेवर लागलेलं असतं. घटत्या शिलकीवर मोजलं तर तो दर अठराच्या आसपास जातो. हा हप्ता आणि १,८०० दोन्ही पेलणार नाहीत, तेव्हा जुनी गाडी अजून दोन वर्षं रेट.

दिवाळीला येशील तेव्हा वही आणि दोन्ही पासबुकं घेऊन ये. पासबुकं भरून आण. मशीन बंद होतं असं सांगू नकोस.

तुझा,
काका