सलग मॅच हरणाऱ्या फुटबॉल टीमच्या कोचने एकदम बचावात्मक खेळ सुरू केला, तर तो घाबरला असंच म्हणायचं ना?

नाही.

तुमच्या प्रश्नात 'घाबरला' हा शब्द नसता तर मी वाचून पुढे गेलो असतो. हा शब्द गेली सोळा वर्षं ऐकतोय, म्हणून लिहायला बसलो. तुम्ही म्हणता, तुमच्या लाडक्या टीमला सात मॅचमध्ये एकही विजय नाही, कोचने चार बॅकचे पाच केले, एक स्ट्रायकर बाहेर बसवला आणि आता मॅच बघवत नाही. बघवत नाही हे मान्य. पण त्या सात मॅच बघणेबल खेळूनच हरल्या ना?

मी स्टॉपर बॅक होतो, म्हणजे गोलसमोर मध्यभागी उभा राहणारा बचावपटू. हौशी लीग, दहा टीम, प्रत्येकीशी एकदाच गाठ, म्हणजे नऊ मॅच. शेवटच्या दोन टीम खालच्या गटात. आदल्या वर्षी आम्ही चौथे आलो होतो, त्यामुळे सगळ्यांच्या डोक्यात हवा. दोन्ही साइड बॅक, म्हणजे कडेचे बचावपटू, कायम हाफलाइनच्या पुढे, मधल्या फळीतलं कुणी मागे वळून बघणार नाही, आणि मी आणि माझा जोडीदार असे दोघंच अर्धं मैदान राखत उभे. आदल्या वर्षी हे खपून गेलं, कारण मध्ये एक पोरगा होता ज्याच्या पायातून बॉल जायचाच नाही. त्याचा गुडघा गेला, तो खेळायचा थांबला, आणि आम्ही मात्र तो असल्यासारखेच खेळत राहिलो. पहिल्या चार मॅच: ५-१, ४-२, ३-०, ३-१. चारही हरलो. पंधरा गोल खाल्ले. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फॉर्म गेला म्हणजे नक्की काय होतं, ते स्टँडमधून नीट दिसत नाही. पाय तेच असतात, दम तोच असतो. पण बॉल पायात आला की ज्याला आधी पास दिसायचा त्याला आता चूक दिसायला लागते. मग तो एक टच जास्त घेतो, आणि तेवढ्यात समोरचा अंगावर आलेला असतो. बॉल जातो तोही मैदानाच्या बरोबर मध्यावर, आपले सहा जण पुढे गेलेले असताना. मागच्या दोघांनी मग कुणाला धरायचं? बॉलवाल्याला गाठावं तर बाजूचा मोकळा सुटतो, मागे सरकावं तर तो थेट शॉट मारतो. त्या पंधरातले निदान दहा गोल असेच पडले. आणि दर वेळी पुढून आमचा कॅप्टन हात पसरून आमच्याकडे बघायचा. कॅप्टन म्हणजे आमचा स्ट्रायकर. पोरगा गुणी होता, हे आधीच सांगतो. पण बॉल गेल्यावर तो मागे धावलाय असं मला एकदाही आठवत नाही.

पाचव्या मॅचच्या आधी सर, म्हणजे आमचे कोच, मैदानावर दोरी घेऊन आले. कपडे वाळत घालतात तसली निळी नायलॉनची. आम्हा पाच जणांच्या कमरेला त्यांनी ती बांधली, दोघांमध्ये सात-आठ पावलांचं अंतर ठेवून. मग ते बॉल घेऊन डावीकडे चालायचे, आम्ही डावीकडे. उजवीकडे, आम्ही उजवीकडे. एकाने आळस केला की दोरी बाकीच्यांच्या पोटात रुतायची आणि चौघांच्या शिव्या एकदम. बॉल नाही, शॉट नाही, दीड तास नुसतं सरकणं. शेवटी शेवटी सर फक्त मान वळवायचे आणि आम्ही पाचही जण हललेले असायचो. रात्री अंघोळीला शर्ट काढला तर कमरेभोवती लाल वळ. कॅप्टन बाजूला उभा राहून बघत होता. म्हणाला, "सर, ही काय गुरं आहेत का बांधून ठेवायला? तुम्ही घाबरलात." सर काहीच बोलले नाहीत, गाठ घट्ट करत राहिले.

पुढच्या चार मॅच: ०-०, ०-०, १-०, १-१. सहा गुण. आधीच्या चार मॅचमध्ये शून्य होते.

आता शेवटची मॅच. बरोबरी पुरेशी होती. आम्ही सहा गुणांवर, आमच्या वरची टीमही सहावर, पण त्यांचा गोलफरक (मारलेले वजा खाल्लेले गोल) आमच्यापेक्षा खूप चांगला. त्यांची मॅच आधीच झाली होती, ते हरले होते. एक गुण मिळाला की आम्ही वाचलो. ८६ व्या मिनिटापर्यंत ०-०. मग गोल पडला आणि आम्ही खालच्या गटात गेलो.

कॅप्टन तेव्हापासून प्रत्येक भेटीत, प्रत्येक लग्नात, एकदा तर हॉस्पिटलात भेटायला आला असताना मला सलाईन लागलेलं असूनही हेच म्हणतो की आपण घाबरून खेळलो म्हणून उतरलो. मी दर वेळी एकच विचारतो. सारखे गुण असताना आपण कशामुळे गेलो? गोलफरकामुळे. गोलफरक उणे अकरा. ते सगळेच्या सगळे कुठल्या चार मॅचमधले? तुझ्या त्या मर्दानी चार मॅचमधले. दोरीनंतरच्या पाच मॅचमध्ये आम्ही दोन गोल खाल्ले, दोन. यावर तो म्हणतो, "पण किती मारले?" तेही दोनच, हे मी शक्यतो पटकन सांगत नाही.

तर मुद्द्यावर येतो. खेळ बिघडलेल्या टीमने आधी मागची दारं लावून घेणं ही फुटबॉलमधली जुनी, शहाणी आणि बऱ्याचदा यशस्वी चाल आहे. इंग्लंडच्या लीगमधली २०१५-१६ ची लेस्टर आठवा. लोकांना स्ट्रायकर वार्डीचे गोल आठवतात. पण त्या मोसमात पहिल्या नऊ लीग मॅचमध्ये त्यांनी दर वेळी गोल खाल्ला होता. आर्सेनलकडून २-५ हरल्यावर कोच रानिएरीने दोन्ही साइड बॅक बदलले आणि सिम्पसन आणि फुक्स यांना घेतलं. दोघंही वर धावण्यापेक्षा जागा धरून ठेवणारे. गोल न खाता मॅच काढलीत तर पिझ्झा खिलवतो असं त्याने पोरांना सांगितलं होतं. दहाव्या मॅचला तो पिझ्झा द्यावा लागला. आणि मार्च-एप्रिलमध्ये विजेतेपदाची शर्यत रंगात आली तेव्हा ओळीने चार मॅच १-० ने काढल्या. त्याला कुणी घाबरट म्हणालं नाही, कारण ते जिंकले. चेल्सीचंही तसंच. २०११-१२ मध्ये कोच व्हियास-बोआसने बॅकलाइन पार वर आणून खेळवली, घरच्या मैदानावर आर्सेनलकडून ३-५ खाल्ले, मार्चमध्ये त्याची नोकरी गेली. डी मातेओ आला, सगळ्यांना खाली घेतलं, आणि मे महिन्यात तीच म्हातारी होत चाललेली टीम म्युनिकमध्ये बायर्नला पेनल्टीवर हरवून चॅम्पियन्स लीग घेऊन आली. लीगमध्ये मात्र सहावी, हेही लक्षात ठेवा.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे, आणि माझ्या मते सगळं तिच्यावरच अडतं. मागून बॉल बाहेर काढला की तो धरून ठेवायला पुढे कुणीतरी होतं. लेस्टरकडे वार्डी, चेल्सीकडे द्रोग्बा. वार्डी बॉलमागे असा पळायचा की समोरच्या बॅकला तोंड फिरवून स्वतःच्या गोलकडे धावावं लागायचं. द्रोग्बा पाठीवर दोघांना घेऊन उभा राहायचा. त्या दहा-पंधरा सेकंदांत मागचे श्वास घेतात, लाइन वीस पावलं वर येते, मॅच पुन्हा माणसात येते. असा कुणी नसेल तर क्लिअर केलेला बॉल भिंतीवर मारल्यासारखा परत येतो. पुन्हा क्लिअर करा, पुन्हा परत. ऐंशी मिनिटं टिकाल, नव्वद नाही.

१९६७ ची युरोपियन कप फायनल याच रोगाने गेली. कोच एर्रेराचं इटलीतलं इंटर म्हणजे बचावाची शाळा, १९६४ आणि १९६५ ला हाच कप जिंकलेलं. लिस्बनमध्ये स्कॉटलंडच्या सेल्टिकविरुद्ध सातव्याच मिनिटाला मात्सोलाने पेनल्टीवर गोल केला आणि इंटर मागे जाऊन बसलं. बॉल मागून पुढे नेणारा सुआरेझ त्या दिवशी खेळतच नव्हता. गोलकीपर सार्ती अडवत राहिला, अडवत राहिला, आणि शेवटी जेमेलने बरोबरी केली. शेवटची सहा मिनिटं उरली असताना चामर्सने दुसरा मारला. पुढच्याच आठवड्यात मांतोवाकडून ०-१ हरून त्यांनी इटलीची लीगही घालवली. ज्यांनी हा खेळ जगाला दाखवला त्यांची ही गत, मग आमच्यासारख्यांचं काय घेऊन बसलात.

आणि आमच्याकडे पुढे कोण होतं? कॅप्टन. ज्याला पाठीवर बॅक घेऊन बॉल धरणं हे हमालीचं काम वाटायचं. सर त्याला सांगून थकले, की बॉल आला की फक्त धर, फाऊल घे, थ्रो मिळव, काहीही कर पण लगेच परत येऊ देऊ नकोस. हा तीस यार्डांवरून शॉट मारायचा. म्हणून म्हणतो, पाच बॅकच्या खेळात सगळ्यात महत्त्वाचा माणूस तो एकटा स्ट्रायकर असतो. तुमच्या कोचने ज्याला बाहेर बसवलं तो राहिलेल्यापेक्षा जास्त गोल मारतो म्हणून तुम्ही चिडलाय, पण बॉल कोण धरतो ते एकदा बघा. कदाचित कोचने बरोबर माणूस ठेवलाय.

काही गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. एक, बॅकलाइन खाली असणं आणि टीम आखूड असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. कोच साकीच्या मिलानचा शेवटचा बॅक आणि पहिला स्ट्रायकर यांच्यात २५ मीटरच्या आसपास अंतर असावं असा त्याचा आग्रह होता, पण ती टीम वर जाऊन दाबायची, खाली बसायची नाही. तेव्हा 'आखूड टीम म्हणजे बचाव' असं सरसकट धरू नका. दोन, या खेळाला मुदत असते. लेस्टरचा मधल्या फळीतला कांते २०१६ च्या उन्हाळ्यात गेला, बाकी टीम साधारण तीच, आणि विजेतेपदानंतर नऊ महिन्यांत रानिएरीची हकालपट्टी. समोरचे शिकतात, तुम्हाला बॉल देऊन टाकतात आणि म्हणतात, आता कर काय करतोस ते. तीन, रेलीगेशनची, म्हणजे खालच्या गटात जायची, भीती नसेल, मोसम अर्धाच झाला असेल, तर मीसुद्धा इतका मागे बसलो नसतो. बहुतेक.

आणि चार. हे मी कॅप्टनला कधी सांगितलेलं नाही. तो ८६ व्या मिनिटाचा गोल. उजवीकडून त्यांचा थ्रो होता, बॉल ओला, आत आला, मी हेडरने बाहेर काढला. फार लांब नाही, पेनल्टी एरियाच्या जेमतेम बाहेर. सरांचा नियम साधा होता. बॉल बाहेर गेला की लाइन बाहेर, पाचही जण, एकदम, विचार न करता. त्यासाठीच तर ती दोरी होती. मागून गोलकीपर ओरडला, "वर चला, वर चला!" डावीकडचे दोघं निघालेही. आणि मी दोन्ही हात आडवे पसरून ओरडलो, "थांबा!" त्यांचा एक पोरगा जोरात पळणारा होता, तो मागून निसटेल असं मला वाटलं. निघालेले दोघं परत आले. लाइन गोलपासून सहा यार्डांवर खिळलेली, आणि त्यांचा उंच स्ट्रायकर आरामात आमच्या गोलकीपरच्या डोळ्यांपुढे उभा. आम्ही चार पावलं वर आलो असतो तर तो ऑफसाइड ठरला असता. शॉट आला, माझ्या गुडघ्याला घासून गेला. गोलकीपर नंतर म्हणाला, बॉल जाळीत असतानाच मला पहिल्यांदा दिसला.

म्हणजे सरांचा खेळ त्या दिवशी आम्ही खेळलोच नाही. तो मोडणारा मी होतो, आणि शिव्या सोळा वर्षं सरांना बसतायत.

तुमचा शेवटचा प्रश्न राहिलाच, की पुन्हा आक्रमक कधी व्हायचं. सलग दोन-तीन मॅच गोल न खाता निघाल्या की आधी एका बाजूचा साइड बॅक सोडायचा, दोन्ही एकदम नाही. कुठल्या बाजूचा, ते त्या बाजूला मधल्या फळीत कोण मागे धावतो त्यावर ठरेल. ते तुम्ही लिहिलेलं नाही.