शाला प्रबंधन समितीवर निवड झाली आहे? आधी मुलीचं बघा, मग सहीचं

ताई, तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. शाला प्रबंधन समितीच्या, म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीच्या, अध्यक्ष झालात आणि मुख्याध्यापक "तुम्ही फक्त सही करा, बाकी आम्ही बघतो" म्हणतात. सहावीतल्या एका मुलीने शाळेत कामाला येणाऱ्या माणसाबद्दल आईला काही सांगितलं आहे आणि समितीचे लोक "आधी आपसात चौकशी करू" म्हणताहेत. आणि इंदूरमध्ये या सगळ्याला जबाबदार कोण, निगम (महानगरपालिका) की शिक्षण विभाग? मी मुलीच्या गोष्टीपासून सुरू करते, कारण तिला बैठकीची वाट बघता येत नाही.

आपसातली चौकशी थांबवा. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे. त्याच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा झाल्याचं ज्याला कळेल, किंवा होईल अशी भीती ज्याला वाटेल, त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. खात्री करून घेणं, पुरावा जमवणं हे तुमचं काम नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने कळवला नाही, तर ती शिक्षा एक वर्षापर्यंत जाते. सद्हेतूने कळवणाऱ्याला मात्र कायद्याचं संरक्षण आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका वसतिगृहाच्या प्रकरणात डॉक्टरांनी माहिती असून कळवलं नाही असा आरोप होता. उच्च न्यायालयाने त्यांच्यावरचा गुन्हा रद्द केला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा कायम केला.

त्या मुलीला समितीसमोर उभं करू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. चार मोठ्या माणसांसमोर तेच तेच सांगायला लागलं की मूल गप्प होतं, आणि मग सगळे म्हणतात "काही नव्हतंच." त्या माणसाला बोलावून समोरासमोर करणं तर त्याहून वाईट. तिच्या आईसोबत ठाण्यात जा, किंवा १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करा. आई पोलिसांना घाबरत असेल तर तिला सांगा की मुलीचा जबाब घरी किंवा तिला बरं वाटेल त्या ठिकाणी घ्यायचा असतो, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, आणि गणवेश न घालता. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला (ही शाळेची नाही, मुलांच्या संरक्षणासाठीची सरकारी समिती) कळवायचं असतं. मुलीचं नाव कुठेही, अगदी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही, जाता कामा नये.

आता सहीचं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ मध्ये तुमच्या समितीची कामं लिहिली आहेत: शाळेच्या कामकाजावर लक्ष, विकास आराखडा, आणि आलेल्या अनुदानाच्या खर्चावर लक्ष. तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, ही अट त्यासाठीच आहे. समग्र शिक्षा योजनेत शाळेला एकत्रित अनुदान मिळतं, ते पटसंख्येवर: ३१ ते १०० मुलं असतील तर २५ हजार रुपये, १०१ ते २५० ला ५० हजार, २५१ ते १००० ला ७५ हजार. यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च व्हायला हवेत. पटावर किती मुलं दाखवली आहेत आणि वर्गात किती बसतात, हे आधी पडताळा.

पैसे कोणाला, किती आणि कशासाठी हे ठरल्याशिवाय खर्च करायचाच नसतो, म्हणून कोऱ्या कागदावर सहीची गरजच पडत नाही. दबाव बहुतेक मार्चमध्ये येतो, निधी परत जाईल या धाकाने. तेव्हाही ठराव, बिल आणि स्टॉक रजिस्टरमधली नोंद तिन्ही बघून मगच सही करा. सगळे मुख्याध्यापक पैसे खातात असं मला अजिबात म्हणायचं नाही. पुष्कळजण एकट्याने शाळा, पोषण आहार आणि डझनभर पोर्टल सांभाळत असतात, आणि कागद मागे पडतात.

पण मागे पडलेला कागद मुलांना भोवतो, आणि तुमचे दोन्ही प्रश्न इथेच एकमेकांना भिडतात. "रंगकाम, मजुरी, रोख" एवढंच व्हाउचरवर लिहिलेलं असेल, नाव नाही, पत्ता नाही, तर शाळेच्या आवारात आठवडाभर कोण वावरत होतं हे कोणालाच सांगता येत नाही. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी तुटलेली आहे आणि दुरुस्तीचं बिल मात्र निघालं आहे, असंही दिसतं. तुमच्या बाबतीत तर ती व्हाउचरं आणि आगंतुकांची नोंदवही पोलीस मागू शकतात. आजच त्यांचे फोटो काढून ठेवा, म्हणजे नंतर पानं बदलली तरी कळेल.

जबाबदार कोण? शिक्षण हक्क कायद्यातल्या ‘स्थानिक प्राधिकरण’ या व्याख्येत महानगरपालिका येते, तसंच शाळेवर प्रशासकीय नियंत्रण असलेली संस्थाही येते. तुमची शाळा विभागाची आहे, म्हणून संकुल प्राचार्य, बीआरसी (गट पातळीवरचे समन्वयक), डीपीसी (जिल्हा प्रकल्प समन्वयक) आणि डीईओ (जिल्हा शिक्षणाधिकारी) ही तुमची वाट. नळ, ड्रेनेज, बाहेरचे दिवे यासाठी निगमला लिहा. मारहाण किंवा मानसिक छळ असेल तर याच कायद्याचं कलम १७ सरकारी आणि खाजगी दोन्ही शाळांना लागू आहे. फक्त समितीची अट विनाअनुदानित खाजगी शाळांना नाही. कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार दिली तर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, त्यावर अपील राज्य बाल आयोगाकडे. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तिथे कोणी ऐकलं नाही तर मंगळवारी मोती तबेल्याला कलेक्टर कार्यालयात जनसुनवाई असते, आणि १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

ही वाट हिशेबासाठी आहे. मुलीसाठी आज संध्याकाळच्या आत ठाणं गाठा. कार्यवाही रजिस्टरमध्ये तिचं नाव न लिहिता फक्त "पोलिसांना कळवले" अशी तारीख-वेळेसह नोंद करा. ठरावाचा मसुदा हवा असेल तर सांगा, उद्या लिहून देते.